नोकरीचा अर्ज आणि जुना खटला

रुग्णाचा पूर्वेतिहास विचारल्यावाचून उपचार करू नयेत, हे आपणां सर्व डॉक्टरांना पहिल्यापासून शिकविले जाते. पूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी झाली होती, एवढे एक वाक्य रुग्णाने सांगितले तर आपण दुसरे औषध निवडतो; ते त्याने दडविले तर साधे इंजेक्शनही जिवावर बेतू शकते. नोकरीच्या अर्जातही असाच एक पूर्वेतिहासाचा रकाना असतो. 'आपणांस कधी अटक झाली आहे काय? आपणांवर खटला चालला आहे काय? शिक्षा झाली आहे काय?' या तीन प्रश्नांपाशी आपल्या भागातील अनेक तरुणांची लेखणी अडते. त्या रकान्यात काय लिहावे, आणि तो वाचणाऱ्याने कसा वाचावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बालरोगतज्ज्ञाने कायद्याच्या विषयावर लिहावे याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या बालकांना आपण लसी टोचल्या, तीच अठरा-वीस वर्षांची झाली की शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र मागण्यास पुन्हा आपल्याच दारी येतात. नातवाला लस देण्यास आलेले आजोबा जाता जाता हळूच विचारतात, "डॉक्टर, धाकट्याचं पोलीस व्हेरिफिकेशन आलंय. कॉलेजात असतानाची ती केस लिहायची की नको?" घरच्या डॉक्टरांचा शब्द आजही मानला जातो. म्हणून या प्रश्नाची निदान प्राथमिक माहिती आपणांस असणे अगत्याचे आहे.

आपल्या भागाचे वेगळेपण

हिंडलगा या आपल्या गावात मध्यवर्ती कारागृह आहे आणि १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील हुतात्म्यांचे स्मारकही आहे. 'तुरुंग' या शब्दाचे दोन अर्थ येथे शेजारी शेजारी नांदतात. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्र सरकारने १९७२ साली सन्मान निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा साधारणपणे किमान सहा महिने कारावास सोसल्याचा पुरावा मागितला जाई. म्हणजे ज्या दाखल्याने एका पिढीला मान मिळाला, तशाच दाखल्याने दुसऱ्या पिढीची नोकरी अडते.

१ नोव्हेंबरचा काळा दिन, जुलै २०१४ मधील येळ्ळूरच्या फलकाचे प्रकरण, डिसेंबर २०२१ मधील बेळगावातील तणाव, अशा प्रसंगांनंतर अनेक तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. याच बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. सैन्य, निमलष्करी दले आणि पोलीस यांत भरती होण्याचे स्वप्न खेडोपाडीची मुले पहाटे धावताना पाहत असतात. घोषणेचा खटला आणि भरतीचा अर्ज यांची गाठ येथे वारंवार पडते ती यामुळे. अर्थात सर्वच जुने खटले आंदोलनाचे नसतात. मारामारी, जुगार, भाऊबंदकीतील बांधावरची भांडणे हीही कारणे असतात. रकाना मात्र सर्वांसाठी एकच.

शब्दांचे अर्थ नीट समजून घ्यावेत

निम्मी गफलत शब्दांपाशीच होते. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. खबरदारी म्हणून पोलिसांनी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवणे म्हणजेही शिक्षा नव्हे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली होणारी प्रतिबंधक अटक १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली होते. परंतु अर्जात 'अटक झाली होती काय?' असा स्वतंत्र प्रश्न असेल, तर अशा अटकेचेही उत्तर 'होय' असेच द्यावे लागते.

याउलट एक गोष्ट लोक शिक्षाच मानत नाहीत, पण ती शिक्षा असते. किरकोळ खटल्यात हेलपाटे चुकविण्यासाठी आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायालय काही रुपये दंड करते, आणि घरी सांगितले जाते की 'दंड भरला, प्रकरण मिटले.' कायद्याच्या दृष्टीने कबुलीवर झालेला दंड ही दोषसिद्धीच होय. दहा वर्षांनी मुलगा अर्जात प्रामाणिकपणे 'शिक्षा नाही' असे लिहितो आणि खोटे लिहिल्याचा ठपका येतो. म्हणून तरुण मुलाने कबुली देण्यापूर्वी वकिलाशी बोलून घ्यावे, हा सल्ला आपण आवर्जून द्यावा. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय प्रथम अपराध्यास समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. आणि त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्यास लागत नाही. तथापि त्यामुळे दोषसिद्धीची वस्तुस्थिती पुसली जात नाही. थेट विचारल्यास ती सांगावी लागते.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणते?

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय पुष्कळ आहेत. त्यांतील मोजके पाहू.

२०११ साली दिल्ली पोलीस विरुद्ध संदीप कुमार हे प्रकरण निकाली निघाले. हेड कॉन्स्टेबलच्या अर्जात उमेदवाराने मारहाणीचा जुना खटला सांगितला नव्हता. खटला आपसांत मिटून तो सुटलेला होता व घटनेच्या वेळी सुमारे वीस वर्षांचा होता. तरुणपणी हातून अविचार घडतात, त्यावरून माणसावर जन्मभराचा शिक्का मारू नये, असा सूर लावीत न्यायालयाने त्याची बाजू घेतली. निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मधील जाँ वालजाँची आठवण काढली आहे. भाकरी चोरल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या या माणसाचा कैदी म्हणूनचा दाखला पुढे त्याची पाठ सोडीत नाही. त्याच निकालात १९७० सालचा एक इंग्लिश खटला उद्धृत केला आहे, तो सीमाभागातील वाचकास विशेष जवळचा वाटेल. वेल्श भाषेच्या प्रश्नावर लंडनच्या न्यायालयात शिरून घोषणा व गाणी म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना तीन महिन्यांची कैद झाली होती. अपिलात लॉर्ड डेनिंग प्रभृती न्यायाधीशांनी, त्यांनी चूक केली हे स्पष्ट सांगूनही, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना घरी व अभ्यासाकडे परत पाठविले.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. २०१३ सालच्या देवेंद्र कुमार प्रकरणात न्यायालयाने बजावले की, विचारलेली माहिती दडविणे हेच मुळी नैतिक अधःपतन ठरू शकते. मूळ गुन्ह्यातून सुटका झाली की नाही हा प्रश्न वेगळा.

या दोन्ही धारांचा मेळ २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने घातला. त्यातील आपल्या उपयोगाची सूत्रे अशी :

१. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. दोषसिद्धी, सुटका, अटक वा प्रलंबित खटला यांविषयी दडवादडवी नसावी.

२. तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा किरकोळ अपराध यांसारखे प्रकरण, जे सांगितले असते तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, ते दडविले गेल्यास नियोक्ता आपल्या विवेकाने त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. घोषणांचे हे उदाहरण न्यायालयाने स्वतः दिलेले आहे.

३. जेवढे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन असते. मोघम प्रश्नाच्या आधारे माहिती दडविल्याचा ठपका ठेवता येत नाही.

४. ज्या खटल्याची उमेदवारास माहितीच नव्हती, तो दडविल्याचा दोष त्यास देता येत नाही.

५. नोकरीत कायम झालेल्या माणसास या कारणावरून काढावयाचे तर आधी खातेनिहाय चौकशी झाली पाहिजे.

६. खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळेलच असे नाही. पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो.

हे सहावे सूत्र पालकांना स्पष्ट सांगावे. खरे बोलणे ही नोकरीची हमी नव्हे, आणि पोलीस दलासारख्या ठिकाणी कसोटी अधिक कडक असते, हे २०२२ च्या सतीशचंद्र यादव निकालातही आले आहे. तथापि खरे सांगणाऱ्याच्या बाबतीत विचार केवळ जुन्या प्रकरणाचा होतो; लपविणाऱ्यावर आजच्या खोटेपणाचा नवा आरोप येतो, आणि पुष्कळदा नोकरी जाते ती या दुसऱ्या आरोपाने.

अठरा वर्षांखालील मुले

येथे बालरोगतज्ज्ञाचा प्रांत सुरू होतो. धोका ओळखून स्वतःस आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, हे आपण जाणतोच. कायद्यानेही ही गोष्ट आपल्या परीने मानली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने 'नवी सुरुवात' हे तत्त्व स्वीकारले असून कलम २४ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकास दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागत नाही. अपिलाची मुदत व नियमांतील काळ संपल्यावर त्याची कागदपत्रे नष्ट करावयाची असतात. अपवाद एकच : सोळा वर्षांवरील मुलाने निर्घृण अपराध केला आणि बाल न्यायालयाने त्याला प्रौढाप्रमाणे चालविलेल्या खटल्यात दोषी ठरविले, तर हे संरक्षण मिळत नाही.

त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार चारित्र्य प्रमाणपत्रासाठी वा अन्य कारणासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करावयाची नाही. प्रथम हे निकाली प्रकरणांपुरते होते. २०२१ च्या दुरुस्तीने प्रलंबित प्रकरणेही त्यात आली. २०१९ साली रमेश बिश्नोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयातील आरोपावरून नेमणूक नाकारणे अमान्य केले, आणि २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने अशी माहिती उमेदवाराकडे मागणे हाच बालकाच्या खासगीपणावर व प्रतिष्ठेवर आघात आहे, असे म्हटले. म्हणून घटनेच्या दिवशी मुलाचे वय किती होते, हा पहिला प्रश्न. जन्मदाखला व शाळेचा दाखला जपून ठेवण्यास पालकांना सांगावे.

अर्ज भरताना

प्रश्न शब्दशः वाचावा. पासपोर्टच्या कायद्याचेच उदाहरण घेऊ. पासपोर्ट नाकारण्याच्या कारणांत मागील पाच वर्षांतील, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल किमान दोन वर्षांची शिक्षा आणि प्रलंबित खटले यांचा उल्लेख आहे. जन्मभराचा हिशेब तेथे मागितलेला नाही. सरकारी साक्षांकन नमुना मात्र अटकेपासून दंडापर्यंत सारे विचारतो. एका अर्जाचे उत्तर दुसऱ्यात उतरवू नये. निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवावी आणि रकान्यात खटल्याचा क्रमांक, न्यायालय, निकालाची तारीख एवढेच लिहावे. कैफियत मांडू नये. खटला चालू असेल तर 'चालू आहे' असेच लिहावे. अर्जानंतर गुन्हा नोंदला गेल्यास लेखी कळवावे व पोच घ्यावी. शंका असल्यास सही करण्यापूर्वी वकिलास दाखवावे, मागाहून नव्हे.

आपण नियोक्ते असतो तेव्हा

शेवटचा मुद्दा आपल्या व्यवसायबंधूंसाठी. आपल्यापैकी अनेक जण दवाखाने, प्रसूतिगृहे, प्रयोगशाळा चालवितात. म्हणजे हा रकाना वाचणारे आपणही असतो. इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळ नीट वागलेल्या माणसाच्या अनेक शिक्षा 'सरल्या' असे मानले जाते, मात्र डॉक्टर, परिचारिका व मुलांमध्ये काम करणारे यांना बव्हंशी त्यातून वगळले आहे. आपल्याकडे प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून विवेक आपणच करावयाचा आहे. गुन्ह्याचा कामाशी संबंध काय, त्याला किती वर्षे झाली, त्या वेळी वय काय होते, आणि त्यानंतर माणूस कसा वागला, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. बालकांवरील अत्याचाराबद्दल शिक्षा झालेल्यास बालकक्षात कामावर घेता येणार नाही, येथे दयेस जागा नाही. तेथील प्रत्येक नेमणुकीपूर्वी पोलीस पडताळणी करून घ्यावी, कारण लैंगिक गुन्हेगारांची २०१८ पासूनची राष्ट्रीय नोंदवही केवळ पोलिसादी यंत्रणांनाच पाहता येते. परंतु वीस वर्षांपूर्वी मोर्चात घोषणा दिल्या म्हणून एखाद्यास रुग्णवाहिकेचे चालक होता येऊ नये, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

जुना व्रण आणि चालू आजार यांतील फरक ओळखणे हे आपले रोजचेच काम आहे. केसपेपरवर पूर्वेतिहास लिहिला म्हणजे तेच निदान ठरत नाही. तरुणांनी तो खरा सांगावा आणि आपण तो रुग्णाचा ऐकतो तितक्याच शांतपणे ऐकावा. खरे सांगणाऱ्यास दारातूनच परत पाठविले, तर पुढचा उमेदवार लपविण्यास शिकेल, आणि त्याचा दोष एकट्या त्याचाच असणार नाही.