जेसप वॅगन : देणगी, माती आणि विद्यार्थी

'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेतच वाचले. आम्हांला मात्र आज त्या काळातील एक देणगी अधिक बोलकी वाटते. १९०६ साली न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या साहाय्याने अलाबामातील टस्कगी संस्थेने (आजचे विद्यापीठ) फिरती शेतीशाळा काढली. आम्ही अनुदान मागतो ते बहुधा इमारतीसाठीच! कापसाने निकस झालेल्या जमिनीत चवळी, भुईमूग घेतल्यास मुळांच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात आणि माती सावरते, हे ती गाडी कृष्णवर्णीय कुळांच्या दारी जाऊन दाखवी. गाडीची धुरा कार्व्हर यांचे विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल यांच्याकडे आली. त्याच वर्षी ते अमेरिकी कृषिखात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार-कार्यकर्ते झाले.