जाहिरातीआधी मालकीचं बोला

चि. भाचेबाई,


किल्ल्यांच्या माहितीच्या तुमच्या संकेतस्थळावर जाहिराती घ्याव्यात की नाही, यावरून मंडळींत दोन तट पडलेत आणि येत्या रविवारी तू मतदान लावून विषय मिटवणार आहेस, असं तुझी आई म्हणाली. मतदान पुढे ढकल. आधी स्पॅनिश विकिपीडियाचं काय झालं ते वाच.

२००२चा फेब्रुवारी. विकिपीडिया जेमतेम वर्षाचा. खर्च बोमिस ही कंपनी करत होती आणि डॉट-कॉमचा फुगा फुटल्यावर तिलाही पैशाची चणचण भासू लागली. पगारी संपादक लॅरी सँगर याने आपल्या नोकरीबद्दल लिहिताना ओघात सांगून टाकलं, की येत्या काही महिन्यांत बोमिस जाहिराती विकू लागण्याची शक्यता आहे. तोवर एकही जाहिरात लागलेली नव्हती. पण आम्ही फुकट राबायचं आणि कमाई कंपनीची, म्हणून स्पॅनिश लेखक बिथरले. एडगर एन्येदी आणि इतरांनी त्याच महिन्यात वेगळी चूल मांडली. सेव्हिल विद्यापीठाच्या सर्व्हरवर ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ उभा राहिला. परवाना मुक्त असल्यामुळे लेख सोबत न्यायला कुणाची आडकाठी नव्हती. पुढे विकिपीडियाचा पत्ता डॉट-कॉमऐवजी डॉट-ऑर्ग झाला, २००३मध्ये ना-नफा विकिमीडिया फाउंडेशन स्थापन झालं, जाहिराती आजतागायत आल्या नाहीत. तरी स्पॅनिश विकिपीडियाला लेखसंख्येत या फुटलेल्या भावंडाच्या पुढे जायला २००४ उजाडलं.

म्हणजे भांडण दिसतं जाहिरातीचं, असतं मालकीचं. आपल्याला न विचारता कुणीतरी ठरवतंय, हे स्वयंसेवकाला झोंबतं. विकीट्रॅव्हल या प्रवासमाहितीच्या संकेतस्थळाचंही तेच. संस्थापकांनी २००६मध्ये ते इंटरनेट ब्रँड्स या कंपनीला विकलं. आधी जर्मन आणि मग इटालियन लेखक बाहेर पडले, त्यांनी विकीव्हॉयेज काढलं. २०१२मध्ये इंग्रजी लेखकांपैकीही बरेच जण त्याच वाटेने गेले. नाव आणि पत्ता कंपनीकडे राहिला, लिहिणारे हात गेले.

तेव्हा पहिलं काम, संकेतस्थळाचं नाव कुणाच्या नावावर नोंदलंय ते सगळ्यांना सांग. ते तुझ्या एकटीच्या नावावर असेल तर आधी संस्था नोंदवून तिच्याकडे दे, मग पैशाचा विषय काढ. दुसरं, हिशेब उघडा ठेव. सर्व्हरचं भाडं किती, आजवर कुणी भरलं, शिल्लक किती. आकडे समोर नसले की जाहिरातवाल्यांना सगळं बुडतंय असं वाटतं आणि विरोधकांना कुणीतरी खातंय असं वाटतं.

तिसरं, ‘जाहिरात हवी की नको’ असं विचारूच नकोस. कसली, कुठे, पैसा कुणाच्या खात्यात, नको वाटली तर काढायची कुणी, असं तुकड्या-तुकड्याने विचार. राजगडाच्या पानावर तुमच्या एखाद्या पोराने गुंजवण्याहून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर जाणारी वाट रेखली असेल, पावसात कुठे जपायचं ते लिहिलं असेल. त्या नकाशाशेजारी ‘गडाच्या पायथ्याशी एनए प्लॉट’ झळकला तर त्याला काय वाटेल? गणपती मंडळात प्रायोजकाचं नाव कमानीवर चालतं, मखरावर नाही. तुमची कमान कोणती आणि मखर कोणतं, ते मंडळींनाच ठरवू दे. कदाचित वर्षातून एकदा वर्गणी मागूनच भागेल.

चौथं, निव्वळ बहुमतावर जाऊ नकोस. अशा कामात मोजकेच लोक बहुतांश लिहितात. साठ विरुद्ध चाळीसने जिंकलीस आणि त्या चाळिसांत तेच निघाले, तर काय जिंकलंस? सगळ्यांना सोसवेल असा ठराव होईपर्यंत चर्चा चालू दे. पण तारीख ठरव, नाहीतर माणसं भांडून नव्हे, कंटाळून जातील.

आणि तरीही कुणी निघालाच, तर त्याला माहितीची पूर्ण प्रत दे, त्याचं नाव त्याच्या लेखांवरून पुसू नकोस. आपल्याला अडवून ठेवलेलं नाही हे कळलं की निम्मे लोक जायचं रद्द करतात, असं मला वाटतं.

रविवारच्या बैठकीत मतपत्रिकांऐवजी हिशेबाचा कागद वाट. आणि त्याआधी जो सर्वांत जास्त चिडलाय, त्याला तू स्वतः फोन कर.

तुझा,
मामा