उपवास आणि पित्ताशय : भगिनींसाठी एक अभ्यास

उपवासाचा विचार करताना आपण बहुधा आत्म्याचाच विचार करतो. ज्या देहाने उपवास करावयाचा, त्याकडे लक्ष उशिरा जाते. एस्तेर राणीने आपल्या दासींसह तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य केले (एस्तेर ४:१६). हन्ना संदेष्ट्री वृद्धापकाळीही उपवास करीत असे (लूक २:३७). दोन्ही उदाहरणे स्त्रियांची आहेत, हे ध्यानात घ्यावे.

दिल्ली, नोएडा, गाझियाबाद येथे राहणाऱ्या मराठी भगिनींनी एक गोष्ट विशेषेकरून जाणावी. पित्ताशयातील खडे पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि दक्षिणेपेक्षा उत्तर भारतात अधिक आढळतात. पित्ताशयाच्या कर्करोगाचे दिल्लीतील स्त्रियांमधील प्रमाण तर जगातील मोठ्या प्रमाणांत मोडते.

यकृतात तयार झालेले पित्त पित्ताशयात साठते. स्निग्ध अन्न आतड्यात उतरले की पित्ताशय आकुंचन पावते व पित्त अन्नात मिसळते. पोट दीर्घकाळ रिकामे राहिल्यास ते तेथेच थांबून दाट होते. स्त्रियांतील इस्ट्रोजेनमुळे पित्तातील कोलेस्टेरॉल वाढते. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय मंदावते. त्यात वजन झपाट्याने उतरविले तर खडे होण्यास भूमी तयारच असते.

म्हणून उपवास वाईट असे नव्हे. जेवणांमधील रिकाम्या वेळेत लहान आतडे सुमारे दीड-दोन तासांनी स्वतःस झाडून घेते. सतत तोंड चालू ठेवणाऱ्यास हा लाभ मिळत नाही. रात्रीचे बारा तास बहुतेक निरोगी स्त्रियांना सहज मानवतात. सध्या रूढ झालेला सोळा तासांचा नेम मात्र प्रत्येकीसाठी नाही. शिवाय दिवसभर केवळ चहा घेऊन सायंकाळी पुरी-भजी खाणे हा कसला उपवास? दानिएलाने दहा दिवस शाकान्न व पाणी घेतले (दानिएल १:१२), उपाशी राहिला नाही.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व पोटात व्रण असलेल्या स्त्रिया यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून उपवास करू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. घरात सर्वांना वाढून उरलेले खाणारीने त्याला उपवास म्हणू नये. कॅथॉलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मसंहितेनेही उपवासाचे बंधन सज्ञान वयापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच ठेवले आहे.

उपवास गुप्तपणे करावा असे प्रभूने शिकविले (मत्तय ६:१६-१८). दुखणे लपवावे असे नाही. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती खांद्याकडे गेली, तर ‘वायू झाला’ म्हणून ओवा चघळीत बसू नये, सोनोग्राफी करून घ्यावी. सोबत ताप किंवा कावीळ असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.