श्रद्धा आणि सोयीचे दर्शन

गीतेच्या सतराव्या अध्यायातील तिसऱ्या श्लोकात भगवंतांनी मनुष्याला श्रद्धामय म्हटले आहे. ह्या वचनाचा आधार घेऊन आपण पुष्कळदा असे समजतो की, जे खरे असावे असे मनास वाटते ते खरे मानणे, हीच श्रद्धा. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

काशीस गंगास्नानाला आलेला भाविक घाटाच्या पायऱ्या उतरतो, तेव्हा त्याला पापहारिणी माता दिसते. प्रवाहात मिसळणारे शहराचे सांडपाणी दिसत नाही. कोणी दाखविलेच, तर तो म्हणतो, ‘गंगेला कसला विटाळ?’ दुसरा एखादा सुशिक्षित त्याच पायरीवर उभा राहून केवळ घाण पाहतो आणि लक्षावधींच्या भक्तीला अडाणीपणा ठरवितो. डोळे दोघांचेही उघडे आहेत. परंतु प्रत्येकाने आपल्या मताला पोषक तेवढेच वेचले आहे.

शास्त्राच्या बाबतीतही असेच घडते. गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू लवकर नाश पावतात, असे हँकिन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली प्रसिद्ध केले. जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा शोध पुढे लागला. हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु असा प्रत्येक विषाणू ठराविक जातीच्याच जिवाणूंवर चालतो. सर्व मैलापाणी त्याने निर्दोष होत नाही, हा उत्तरार्ध आपण गाळतो. एका अंशालाच पूर्ण मानून त्याला चिकटणाऱ्या ज्ञानाला अठराव्या अध्यायाच्या बाविसाव्या श्लोकात तामस म्हटले आहे. तीर्थाचा घोट घरच्या बालकाच्या मुखी घालणाऱ्या गृहस्थाला ह्या तामसतेचे मोल रोगाच्या रूपाने द्यावे लागते.

मग श्रद्धावानाने पाहावे कसे? काशीच्या संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापकही होते. गंगेत नित्य स्नान करणाऱ्या ह्या भक्ताने १९८२ साली गंगाशुद्धीसाठी संस्था स्थापिली. तिच्या तुलसी घाटावरील प्रयोगशाळेत पाण्याची परीक्षा होऊ लागली. स्नानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य जिवाणू ५०० पर्यंत असणे इष्ट, आणि २५०० ही कमाल मर्यादा. प्रत्यक्षात घाटांवर कितीतरी अधिक संख्या आढळली. १९८६ साली सरकारची गंगा कृती योजना वाराणसीतच सुरू झाली. तिच्यातील उणिवाही मिश्रांनी मापे दाखवून मांडल्या. २०१३ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांनी आकड्यांसाठी भक्ती सोडली नाही आणि भक्तीसाठी आकडे लपविले नाहीत.

चौथ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात ज्ञानप्राप्तीसाठी प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा अशी तीन साधने सांगितली आहेत. आपण प्रणिपात ठेवतो व परिप्रश्न टाळतो. मग सेवा कशाची करावी, हेच कळत नाही. आई आजारी आहे हे मान्य न करणारा पुत्र तिला औषध कसे देणार?

म्हणून साधकाने रोज रात्री स्वतःला एक प्रश्न विचारावा: आज माझ्या मताविरुद्धची कोणती गोष्ट समोर आली, आणि मी तिच्याकडे पाहिले की तोंड फिरविले? उत्तर बहुधा अप्रिय असेल. परंतु ते प्रामाणिकपणे देणे, हीच सात्त्विक श्रद्धेची पहिली पायरी होय.