सहा सेकंदांची गल्ली

कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहत होते, तेव्हा अडकलेली वाहनं आमच्या गल्लीतून वाट काढू लागली. मार्च 2022 मध्ये मेट्रो धावू लागली, तरी ती वाहनं काही परत गेली नाहीत. एकदा सापडलेली चोरवाट पुणेकर सोडत नाही. आता तर मोबाइलमधला नकाशा ती परगावच्या माणसालाही दाखवतो. तेव्हापासून अर्ज-विनंत्या करताना जे कळलं, ते असं :

1. गर्दी आणि वेग या वेगवेगळ्या तक्रारी आहेत.
संध्याकाळी सातला गल्लीत कोंडी असते, हॉर्न असतात, वेग नसतो. जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागतो तो भर दुपारी, रात्री दहानंतर आणि रविवारी सकाळी, म्हणजे रस्ता मोकळा असताना. दोन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात घातली की उत्तर येतं, ‘सायंकाळी वाहतूक पोलीस नेमू.’ पोलीस येतो, कोंडी सोडवतो आणि वेगाची वेळ सुरू व्हायच्या आत निघून जातो.

2. आधी मोजा, मग ओरडा.
‘गाड्या फार जोरात जातात’ यावर कोणताही अधिकारी मान डोलावतो आणि फाइल मिटतो. टेपनं 50 मीटर मोजून खडूच्या दोन रेघा मारा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. गाडीला सहा सेकंद लागले तर वेग ताशी 30 किलोमीटर. साडेतीनच्या आसपास लागले तर 50. या दोन्हींत फरक किती? चालकाला माणूस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात 30च्या वेगाची गाडी आठ मीटर जाते, 50ची जवळजवळ 14. त्यापुढचं थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं : वेग पावणेदोनपटही झालेला नसतो आणि हे अंतर पावणेतीनपट होतं. एवढं गणित अर्जात लिहिलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.

3. गतिरोधक मागताना त्याचं मापही मागा.
इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलसर गतिरोधक सुमारे 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो; साधारण 25च्या वेगानं गाडी त्यावरून सुखरूप जावी, हा हिशेब. गल्लोगल्ली दिसतो तो मात्र उरलेल्या डांबराचा अरुंद उंचवटा. त्यावर रिक्षातल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर धरते, स्कूटरवाले पाण्यासाठी सोडलेल्या कडेच्या फटीतून निसटतात आणि मोटारवाला ब्रेक मारून पुढच्या घरासमोर पुन्हा गाडी रेटतो. शिवाय गतिरोधक सगळ्यांना हवा असतो, फक्त शेजाऱ्याच्या फाटकासमोर.

4. रस्ता जसा दिसतो तशी गाडी चालते.
पाटी 30ची असो वा 20ची, समोर रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता दिसला की पाय आपसूक दाबला जातो. आमच्याकडे दोन्ही बाजूंना गाड्या लागत, तेव्हा सगळे चडफडत पण हळू जात. पी-वन, पी-टूच्या, म्हणजे एका दिवशी एकाच बाजूला गाड्या लावण्याच्या, पाट्या लागून एक बाजू मोकळी झाली आणि वेग वाढला. एकेरी वाहतुकीचंही तेच : समोरून कोणी येण्याची धास्ती संपते. म्हणून सुधारणा सुचवणाऱ्याला विचारावं, यानं गर्दी कमी होईल की वेग वाढेल? गल्लीचं तोंड अरुंद करणं, कोपऱ्याचं वळण काटकोनी ठेवणं, पदपथाच्या उंचीला येणारा पादचारी मार्ग बांधणं, हे उपाय पाटीपेक्षा खूप जास्त काम करतात.

5. सगळे बाहेरचे नसतात.
पुनर्विकासात तीन मजल्यांच्या जागी अकरा मजले आले. तिथल्या रहिवाशांच्या गाड्या याच गल्लीत उतरतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलं आईची स्कूटर घेऊन क्लासला जातात. त्यांना उपदेश करून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. हा मजकूर लिफ्टशेजारी लावा. बैठकीत दुखावणारे लोक लिफ्टची वाट पाहताना निमूट वाचतात.

6. कागद माणसापेक्षा टिकतो.
गतिरोधक बांधणार महापालिकेचा पथ विभाग. एकेरी वाहतुकीचा आदेश काढणार वाहतूक पोलीस. दोघांना वेगळे अर्ज द्या, एकाची प्रत दुसऱ्याला जोडा. मार्च 2022 मध्येच महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा ‘नगरसेवकांना फोन लावतो’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. आवक क्रमांक घेतलेले अर्ज मात्र पुढे सरकत राहिले. काम झाल्यावर पुन्हा खडूच्या रेघा मारा. गाड्या अजून सहा सेकंदांच्या आत जात असतील, तर नवे आकडे आणि जुना आवक क्रमांक घालून पुढचा अर्ज द्या.