आधी इअर उघडून बघ

घोटवडे, ता. मुळशी
१२ जुलै

चि. सोनू,


आताच्या वेबलॉजिकच्या जागी कोणता ॲप्लिकेशन सर्व्हर घ्यावा, म्हणून तू पाठवलेला तक्ता बघितला. फोनवरच बोलणार होतो, पण सध्या लावणी चालू आहे. बांधावर रेंज येते तेव्हा हात चिखलात असतात आणि घरी यावं तर रेंज नसते. म्हणून कागद घेऊन बसलो.

तक्ता देखणा झालाय. वेबलॉजिक, वेबस्फिअर लिबर्टी, जेबॉस, टॉमकॅट. बावीस रकाने, हिरवे-तांबडे ठिपके. साहेबांच्या मीटिंगला उपयोगी पडेल, पण निवड करायला नाही. त्या बावीस रकान्यांत तुमचं ॲप्लिकेशन कुठेच दिसत नाही. पिरंगुटच्या तुमच्या कारखान्यात ते गेटपास काढतं, डिस्पॅचची चलनं करतं, सप्लायरची बिलं जुळवतं. तीनेकशे लोक वापरतात, तेही शिफ्ट बदलताना आणि महिनाअखेरीला. याला काय लागतं ते विक्रेत्याच्या पीपीटीत नसतं, तुमच्याच इअर फाइलमध्ये असतं.

तेव्हा ती आधी उघड. इअर म्हणजे शेवटी झिपच. आत ईजेबीच्या जार किती आहेत ते मोज. मग सोर्समध्ये ग्रेप मारून ‘इम्पोर्ट वेबलॉजिक’ने सुरू होणाऱ्या ओळी किती निघतात ते बघ. नुसती सर्व्हलेट, जेएसपी आणि स्प्रिंग निघाली, तर इतकी वर्षं तुम्ही टॉमकॅटचं काम वेबलॉजिककडून करून घेत होता. पण डिस्पॅचची नोंद डेटाबेसमध्ये आणि त्याच दमात निरोप क्यूमध्ये, दोन्ही होतील नाहीतर एकही नाही, असा एक्सएचा व्यवहार कुठे असेल तर जरा थांब. ते टॉमकॅट स्वतः करत नाही. त्याला ट्रान्झॅक्शन मॅनेजर वेगळा जोडावा लागतो, किंवा मग पूर्ण सर्व्हर घ्यावा लागतो. सगळ्या तक्त्यात मला पटलेला खरा प्रश्न एवढाच, आणि तो तू सतराव्या रकान्यात टाकलायस.

आता माझी फजिती ऐक. हिंजवडीला होतो तेव्हाची. आपल्याच तालुक्यात, घरापासून माणमार्गे अर्ध्या तासावर, तरी तेव्हा एका आठवड्यात मी तीन रात्री घरी आलो नव्हतो. एका ग्राहकाचं ॲप्लिकेशन मार्चअखेरीला रोज दुपारी गोठायचं. रीस्टार्ट केलं की दोन तास चाले, पुन्हा गोठे. सर्व्हरच कमकुवत आहे असं सर्वांनी ठरवलं. मीही मान डोलावली, तेव्हा माझं वजन होतं. महागडा सर्व्हर आला, सहा महिने स्थलांतरात गेले. पुढचा मार्च आला आणि दुपारी तीनला पुन्हा तेच. त्या वेळी एका नव्या पोराने किल मायनस थ्री मारून थ्रेड डंप काढला, प्रिंट घेतली आणि पेन्सिल घेऊन बसला. जवळजवळ सगळे थ्रेड एकाच ओळीवर, डेटाबेसचं कनेक्शन मिळण्याची वाट बघत उभे. पूलमध्ये पंधरा कनेक्शन, आणि एका रिपोर्टचा कोड चूक झाली की घेतलेलं कनेक्शन परत न देताच बाहेर पडत होता. फायनलीमध्ये एक ओळ कमी. मार्चला रिपोर्ट जास्त निघत, चुकाही जास्त होत, पूल आटे. जुन्या सर्व्हरवरही हेच चाललं होतं. तो डंप पहिल्या दुपारी काढला असता तर चहा व्हायच्या आत सुटलो असतो.

तुमचंही ‘स्लो चालतं’ ना? मग सर्व्हरला नावं ठेवण्याआधी दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप काढ. वेबलॉजिक दहा मिनिटं अडकलेल्या थ्रेडला आपणहून ‘स्टक’ म्हणतं, लॉगमध्ये तो शब्दही शोध.

पैशाचं बघ. वेबलॉजिकसाठी ओरॅकलचा वार्षिक सपोर्ट परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के असतो, म्हणजे पाच वर्षांत परवान्याएवढे पैसे पुन्हा गेले. शिवाय प्रोसेसरचा हिशेब नीट वाच. व्हीएमवेअरवर मशीनला दोनच कोर दिले म्हणून दोनच कोरचे पैसे, असं ओरॅकल मानत नाही; खालचं अख्खं लोखंड मोजायला मागतं. रेड हॅटच्या जेबॉसला परवाना नसतो, वर्गणी असते. त्याचंच फुकटातलं भावंड वाइल्डफ्लाय. उत्तम आहे, पण भराभर नव्या आवृत्त्या काढतं आणि जुन्या मागे टाकतं. तुमच्याकडे दर काही महिन्यांनी अपग्रेड करणारा कोण आहे? नसेल तर ते प्रॉडक्शनला लावू नका. आणि कंपनी मोठी म्हणून निश्चिंत राहू नकोस. ग्लासफिश सनचा, पुढे ओरॅकलचा, म्हणजे जावाच्या मालकाच्या घरचाच सर्व्हर. २०१३ च्या नोव्हेंबरात ओरॅकलने त्याचा व्यावसायिक सपोर्ट थांबवत असल्याचं सांगितलं. ज्यांनी त्यावर धंदा उभा केला होता त्यांची धावपळ झाली.

मालक लांबचा असला की काय होतं, हे आपल्या खोऱ्यातल्या माणसाला नवीन नाही. मुळशीचं धरण इथलं, बुडालेली गावं इथली आणि वीज मुंबईला. त्या धरणाविरुद्धचा सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा, पण आजोबा त्यावर काल घडल्यासारखे बोलायचे. धरणाइतकी मोठी गोष्ट नाही तुमची, ठाऊक आहे. तरी वेबलॉजिकच्या खास एपीआयवर कोड लिहिताना चावी कुणाच्या खिशात जाते ते बघत जा.

टॉमकॅट ठरलं तर एक खड्डा सांगून ठेवतो. जावा ईई ओरॅकलने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचं ठरवलं, पण ‘जावाएक्स’ या नावाखाली पुढे बदल करू द्यायचं काही जमलं नाही. त्यामुळे जकार्ता ईई ९ पासून, २०२० च्या अखेरीस, पॅकेजचं नावच ‘जकार्ता’ झालं. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतं, १० नवं. कुणीतरी उत्साहाने थेट १० टाकेल, ॲप्लिकेशन उठणार नाही आणि खापर टॉमकॅटवर फुटेल. आधी ९ वर जसंच्या तसं उतरवा. नाव बदलण्याचं काम वेगळं, सावकाश करा. त्याला अपाचेचं रूपांतराचं टूल आहे. तुमच्या स्वतःच्या कोडपेक्षा आत पडलेल्या जुन्या जारच जास्त छळतील. स्प्रिंग बूट ३ वर जायचं असेल तर मात्र ‘जकार्ता’शिवाय गत्यंतर नाही आणि जावाही १७ लागेल.

पॅचचा विषय तुझ्या तक्त्यात नाहीच. २०१७ च्या ऑक्टोबरात वेबलॉजिकच्या एका भोकाला पॅच आला. ज्यांनी तो लावला नाही त्यांच्या सर्व्हरवर पुढच्या काही महिन्यांत परक्या लोकांनी क्रिप्टोचं खाणकाम चालवलं. भोक होतं वेब सर्व्हिस ट्रान्झॅक्शनच्या भागात. कित्येकांना तो भाग आपल्याकडे चालू आहे हेही माहीत नव्हतं. मोठा सर्व्हर म्हणजे मोठा वाडा. वापरात नसलेल्या खोल्यांचीही दारं लावावी लागतात. ओरॅकलचे पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे येतात, आणि ते सपोर्ट भरणाऱ्यालाच मिळतात. मागचा कधी लावला ते तुमच्या ॲडमिनला विचार. तो छताकडे बघू लागला तर काय ते समज.

माझा कल विचारशील तर एक्सए आणि ईजेबी नसेल तर टॉमकॅट. असेल आणि काढणं जड असेल तर जेबॉस, वर्गणीसकट. वेबलॉजिक नीट जाणणारा माणूस तुमच्याकडे असेल आणि तो टिकणार असेल, तर आहे ते ठेवा आणि वाचलेले दिवस कोड सुधारण्यात घाला. साहेबांना हे तिसरं रुचणार नाही, त्यात उद्घाटनाला काही नाही.

रविवारी ये. तोवर खालच्या खाचरातली आंबेमोहराची लावणी उरकेल. इअर पेनड्राइव्हवर घालून आणू नकोस, कंपनीचे नियम असतील. ग्रेपचे आकडे तेवढे वहीत उतरवून आण. आणि घोटवडे फाट्यावरून काकूसाठी सुतळीचा गुंडा घे, मी दोनदा विसरलो.

तुझा,
काका