अंगणातला जादा दिवा आणि दहावीचं विज्ञान

पावसाळा तोंडावर आला की आपल्या पेठ वडगावात परसात, गोठ्यापाशी नाहीतर गेटवर एखादा जादा दिवा लावायची घाई सुरू होते. बऱ्याच घरी काम असं होतं : पोर्चच्या होल्डरमधून दोन वायरी ओढल्या, सांध्यावर काळी टेप गुंडाळली, झालं! दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. दहावीचं ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे प्रकरण शिकवताना हाच दिवा उदाहरणाला घ्यावा.

फळ्यावर दोन गणितं मांडायची. १० वॅटचा एलईडी, दाब २३० व्होल्ट. प्रवाह झाला १० भागिले २३०, म्हणजे साधारण ०.०४ अँपिअर. आता दुसरं. पावसात भिजलेल्या, अनवाणी माणसाचा रोध अंदाजे १००० ओहम धरा. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. एवढा प्रवाह छातीतून गेला तर जीव जाऊ शकतो.

इथे मुलं हमखास म्हणतात, “सर, एमसीबी पडेल की!” नाही पडणार. तो असतो ६ अँपिअरचा, ०.२३ त्याच्या खिजगणतीतही नाही. जादा प्रवाहाने वायर तापून जळू नये म्हणून तो बसवलेला असतो. (हा गैरसमज मुलांपेक्षा मोठ्यांतच जास्त.)

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढी तफावत दिसली की सेकंदाच्या अंशात तो वीज तोडतो. पण अर्थिंग हवंच. ते असेल तर दिव्याच्या धातूच्या बॉडीत वीज उतरताच ती जमिनीत जाते आणि आरसीसीबी लगेच पडतो. नसेल, तर कुणीतरी हात लावेपर्यंत तो गप्प. मग गळतीची वाट त्या माणसाच्या अंगातून जाते. म्हणून धातूच्या दिव्याला दोन वायरी चालत नाहीत, तिसरी हिरवी हवी.

बाकी कामात बघायचं ते असं. दिवा आयपी ६५ चा घ्यावा. त्यातला ६ धुळीसाठी, ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. वायर पीव्हीसी पाईपमधून न्यावी आणि सांधा बंद बॉक्समध्ये, कनेक्टरने करावा. वायर बॉक्समध्ये खालून घ्यावी, आधी थोडा झोळ देऊन, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरूनच गळून पडतं. कपडे वाळवायच्या तारेवरून किंवा गोठ्याच्या पत्र्यावरून वायर अजिबात नेऊ नये. इन्सुलेशन घासलं की अख्खी तार, अख्खा पत्रा जिवंत होतो. बटण फेजवरच हवं. ते न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते. बंद केलेला एलईडी मंद लुकलुकत असेल तर ही शंका घ्यावी, जरी कधी कधी बटणातल्या इंडिकेटरमुळेही तसं होतं.

पालकांनी हे समजून घ्यावं ते काम तपासण्यासाठी, स्वतः करण्यासाठी नाही. बल्ब किंवा फ्यूज बदलणं वेगळं. वायरिंगमध्ये नवी भर घालायची तर नियमाप्रमाणे परवानाधारक ठेकेदारच लागतो.

मुलांना गृहपाठ : घरच्या बोर्डात ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असलेला आरसीसीबी आहे का, ते शोधा. मोठ्यांसमोर ते बटण दाबायला सांगा. खटका पडून दिवे गेले पाहिजेत. नाही गेले, किंवा तसं बटणच सापडलं नाही, तर नव्या दिव्याआधी वायरमनला त्यासाठी बोलवा.